आधी वस्तू समोर ठेवा, मग मार्कांचं बोला

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचा हंगाम आला की नाशकात चित्रकलेच्या क्लासेसना ऊत येतो. तिथे मुलं काय करतात? छापील तांब्यावरून तांब्या उतरवतात. नाशिककरहो, हे आपल्याला चालतं का?

१. इंटरमिजिएटच्या अ, ब, क श्रेणींना दहावीत ७, ५, ३ वाढीव गुण मिळतात. मिळावेत की! पण वस्तुसमूह समोर मांडलेला असताना मूल पाठ केलेलंच चित्र काढत असेल, तर ही परीक्षा घोकंपट्टीचीच.

२. नवशिक्याचा तांब्या नीट बघा. तोंडाच्या लंबवर्तुळाला दोन्हीकडे टोकं आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. तांब्या जमिनीवर सपाट टेकतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो सरळ रेघ ओढतो. प्रत्यक्षात बुडाची कड तोंडापेक्षाही जास्त वळलेली दिसते, कारण ती नजरेच्या पातळीच्या आणखी खाली असते. शिक्षकाने खोडून दुरुस्त केल्याने हे कळत नाही. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घ्यायला लावा. कागदाकडे न बघता वस्तूच्या कडेवरून नजर फिरवत रेघ ओढायला लावा. कप नको, कप आणि त्याचा कान यांमधली रिकामी जागा काढायला लावा. चित्रं वेडीवाकडी येतील, येऊ द्या! पालकांना भिंतीवर लावण्याजोगं चित्र हवं असतं, म्हणून क्लासवाले हे सराव टाळतात. दोष निम्मा आपला आहे.

३. आपल्याकडे वस्तूंचा दुष्काळ आहे का? भांडी बाजार आहे, गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आहे, नारोशंकराची घंटा आहे. याच गावचे चित्रकार शिवाजी तुपे जागेवर बसून निसर्गचित्रं रंगवत. त्यांच्या गावातली मुलं मोबाइलवरून घाट काढतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

४. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपली. अशी चिकाटी छापील नमुने गिरवून येत नसते.

५. फाइन आर्टच्या प्रवेश परीक्षेतही वस्तुचित्र आहेच. तिथे अडल्यावर मुलाला बोल लावण्यापेक्षा आजच क्लासात डोकावून या. टेबलावर वस्तू नसेल, नुसतं छापील पान असेल, तर पुढची फी भरण्याआधी जाब विचारा.