रोजचा एक प्रश्न

मैत्रिणींनो, सकाळी सकाळी फुलांचं 'सुप्रभात' पाठवण्याऐवजी सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न पाठवला तर? आमच्या पनवेलच्या बचत गटात आम्ही हेच करतो. सकाळी प्रश्न, संध्याकाळी उत्तर. मधल्या वेळात भाजी निवडताना, पोळ्या लाटताना डोक्याला छान खाद्य मिळतं.

'आता या वयात जनरल नॉलेज कशाला?' असं काहीजणी म्हणतात. त्यांना मी अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांची आठवण करून देते. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिताताईंनी २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी रुपये जिंकले!

पण नुसत्या राजधान्या आणि पर्वतशिखरं नकोत. जवळचंही विचारा. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव कोणतं? आपल्या पनवेलजवळचं शिरढोण. रायगड जिल्ह्याचं १९८१ पूर्वीचं नाव काय? कुलाबा. हे सासूबाईंना पटकन येतं, नातवंडांना नाही. त्या निमित्ताने घरात दोन पिढ्या बोलायला तरी लागतात.

आणि आठवड्यातून एक प्रश्न हक्काचा हवाच. आम्ही विचारलं होतं, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती कधी लागू झाली? उत्तर, ९ सप्टेंबर २००५. 'पण माझं लग्न त्याआधीच झालंय, वडीलही नाहीत, मग?' ही शंका लगेच आलीच. लग्न झालेल्या मुलीलाही हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

आपल्याकडे जमिनींना सोन्याचा भाव आलाय. भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रही पुढे सरकवलं जातं. सही करायची की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण माहिती असून ठरवावं, एवढंच.

आमचा नियम एकच, उत्तर चुकलं तरी कुणी हसायचं नाही. कारण चुकण्याच्या भीतीनेच आपण बँकेत, ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत गप्प बसतो. रोज एका प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय लागली, की प्रश्न विचारायचीही लागते.

मग, उद्या सकाळी तुम्ही कोणता प्रश्न पाठवणार?