पुरस्कार ही मेहेरबानी नव्हे!

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार म्हणजे सरकारने कलावंतावर केलेली कृपा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो समूळ खोटा आहे.

१९५४ साली हे पुरस्कार सुरू झाले आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास लाभले. त्या दिवसापासून आजतागायत खर्च जनतेच्या तिजोरीतून होतो आणि परीक्षक मात्र सरकार नेमते. सरकार येथे विश्वस्त आहे, मालक नव्हे.

पण विश्वस्त मालकासारखा वागतो! २०१८ साली राष्ट्रपतींच्या हस्ते अवघे ११ पुरस्कार दिले गेले. पन्नासहून अधिक मानकरी समारंभास गैरहजर राहिले. २०२४ साली पदार्पणाच्या पुरस्कारातून इंदिरा गांधींचे आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्कारातून नर्गिस दत्त यांचे नाव गळाले. जे सरकारी लेखणी लिहिते, तेच ती पुसते.

गावकुसाबाहेरचे जिणे दाखविणाऱ्या ‘फँड्री’स २०१४ साली पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, दलित लोकशाहिरावरील खटल्याची कथा सांगणाऱ्या ‘कोर्ट’ने २०१५ साली सुवर्णकमळ पटकाविले. तेवढ्यावर हुरळून जाऊन आपण गप्प बसावे काय? आज मिळाले ते उद्या कोणत्या निकषावर नाकारले जाईल, हे कोणी सांगावे?

न्यायाधीश निकालाची कारणे लिहितो. परीक्षकांनीही निवडीची आणि नकाराची कारणे लिहून जाहीर करावीत. गौरवाच्या दोन ओळी म्हणजे कारणे नव्हेत. वाचकहो, पदकासाठी हात पसरू नका, हिशेब मागा. तो आपला हक्क आहे.