पाण्यात म्हैस, बाहेर मोल

इंदूरच्या सराफ्यात रात्री रबडीच्या कढईपाशी गर्दी होते, तेव्हा दाट दूध देणारी म्हैस कुणाला आठवत नाही. गायीच्या दुधात चारेक टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. इंदूरची जीभ म्हशीनं घडवली, असं मी म्हणतो ते याच हिशोबानं.

आमच्या गल्लीच्या टोकाला गोठा होता. चरवी घेऊन मी धारेच्या वेळी उभा राहायचो. 2017 साली इंदूर पहिल्यांदा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं, त्याआधी वस्त्यांतले गोठे हटवले गेले. गटारात जाणारं शेण थांबलं, हे योग्यच झालं. माझ्या शहराचा मला अभिमान आहे. पण गोठा हलवताना जागा मोजतात, पाणी कुणी मोजत नाही.

म्हशीचं अंग काळं, ऊन शोषणारं, आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा फार कमी. डुंबणं ही तिची चैन नव्हे, अंग थंड ठेवायचा तिच्याकडचा तोच मोठा उपाय. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेली म्हैस धापा टाकते, वैरण सोडते, दूध कमी करते. माजावर आली तरी ओरडत नाही. त्याला मुका माज म्हणतात. तो हुकला की म्हैस वेळेवर गाभण राहत नाही, पुढचं वेत लांबतं, आणि गवळ्याच्या घरातला पैसा आटतो.

रानम्हशीचंही दुखणं पाण्याचंच. बारमाही पाणवठा आणि उंच गवत नसेल तिथे ती टिकत नाही. त्यात पाळीव म्हशींचे रोग आणि संकर. 2000 पर्यंत रानम्हशींचं उदंतीचं जंगल आपल्याच मध्य प्रदेशात होतं, आज रानम्हैस छत्तीसगडचा राज्यप्राणी आहे. महाराष्ट्रानं 2013 मध्ये गडचिरोलीतलं कोलामार्का तिच्यासाठी राखून ठेवलं.

म्हशींना डुंबायला इंदूरचा सिरपूर तलाव मी मागत नाही; तो पाखरांचा आहे, 2022 पासून रामसर यादीत आहे. पण 1978 पासून सत्तर किलोमीटरवरून नर्मदा वर चढवून आणणारं, देवगुराडियाला रोज 550 टन ओला कचरा जिरवणारा प्रकल्प उभारणारं हे शहर आहे. शहराबाहेर जिथे गोठे वसलेत, तिथे प्रत्येक वस्तीला एक डुंबायचं तळं, झाडांची सावली आणि शेण उचलायची रोजची गाडी या शहराला सहज देता येईल. पुढच्या उन्हाळ्याआधी निदान पहिलं तळं तरी खोदा.