जादूगाराच्या शाळेत प्रवेश कोणाला?

जादू हा शब्द या पानावर येतो तो बहुतेक वेळा निषेधापुरताच. करणी, भानामती, अंगारे-धुपारे यांचे पितळ उघडे पाडण्यात आमची पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तेव्हा आज आम्हीच एका जादूगाराची गोष्ट घेऊन बसलो हे पाहून काही वाचक भगिनी दचकतील. त्यांनी दचकू नये. ज्या बाईंच्या पुस्तकांविषयी लिहावयाचे आहे त्या चमत्कार विकत नाहीत. जादू करणाऱ्याकडे त्या हिशेब मागतात. घरातील मुले जादूची पुस्तके वाचणारच, मग हिशेब मागणारी का वाचू नयेत?

उर्सुला के. ले ग्विन (१९२९-२०१८) या अमेरिकन लेखिका. वडील मानववंशशास्त्रज्ञ, आईही लेखिका. १९६८ साली त्यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही किशोरांसाठीची कादंबरी निघाली आणि २००१ पर्यंत या मालिकेत पाच कादंबऱ्या व एक कथासंग्रह झाला. अर्थसी हे असंख्य बेटांचे काल्पनिक जग. तेथील बहुतेक माणसे तांबूस, सावळी किंवा काळी. गोरे लोक पूर्वेकडच्या चार बेटांवर राहतात. नायक गेड तांबूस-सावळा, त्याचा जिवाभावाचा मित्र काळा. २००४ साली अमेरिकेत या कथेवर टीव्ही मालिका झाली तेव्हा गेडला गोरा करून टाकले होते. लेखिकेने जाहीर लेख लिहून त्याचा निषेध केला. असो.

या जगात जादू चालते ती नावावर. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला आदिभाषेतले एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसे व्यवहारात टोपणनाव वापरतात आणि खरे नाव अगदी विश्वासाच्या माणसालाच सांगतात. मंत्र पुटपुटला की काम झाले, असे येथे नाही. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत मुलांना एका एकाकी मनोऱ्यात बसवून महिनोन् महिने नावांच्या याद्या पाठ करायला लावतात. एकेका झाडाच्या पानाचे, पाकळीचे, मुळाचे नाव वेगळे! आमच्या घरची मुले पाढ्यांना कंटाळतात, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

दुसरा नियम तोलाचा. येथून वादळ हाकलले तर ते कोठेतरी जाऊन कोसळणारच. गेडचा पहिला गुरू ऑगियन याने एकदा भूकंप शांत केलेला असतो, पण रानात पाऊस आला की हा थोर माणूस मुकाट भिजतो. पोराला वाटते, मग या विद्येचा उपयोग काय?

पोरही साधे नाही. ते गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचे, कांस्यकाम करणाऱ्या कारागिराचे आईवेगळे मूल. शेळ्या राखता राखता मावशीकडून त्याने पहिला मंत्र शिकला. रोकच्या शाळेत एक उमराव घराण्यातला विद्यार्थी त्याला शेळ्या राखणारा म्हणून डिवचतो. हा अपमान कसा झोंबतो हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या रागात गेड पैज मारतो आणि मृतांच्या जगातून एक आत्मा बोलावतो. जगाला चीर पडते, त्या चिरेतून एक काळी सावली बाहेर येते व त्याचा चेहरा फाडते. ती चीर बुजवता बुजवता शाळेचे वृद्ध मुख्य गुरू प्राण गमावतात.

लेखिका येथे डिवचणाऱ्याला निर्दोष ठरवत नाही आणि गेडलाही सोडत नाही. अपमान खरा होता. पण त्याला उत्तर देण्यासाठी विद्या वापरली आणि त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली. पुढे गेड एका गरीब कोळ्यांच्या बेटावर राहतो. जवळच्या बेटावरचा अजगरासारखा प्रचंड उडता नाग, ज्याला इंग्रजीत ड्रॅगन म्हणतात, त्याला सांगतो, मी तुला त्या सावलीचे नाव देतो. सावलीपासून सुटकेचा तोच एक मार्ग दिसत असतो. गेड ते नाकारतो आणि त्या बदल्यात कोळ्यांच्या बेटांकडे कधीही न येण्याची शपथ घ्यायला लावतो. आमच्या मते पहिल्या पुस्तकातला खरा पराक्रम हाच. सावलीचे नाव शेवटी काय निघते ते मुलांना स्वतःच वाचू द्यावे.

आता आम्हांला खटकलेली गोष्ट. एवढा तोल सांभाळणारी ही शाळा फक्त मुलग्यांची आहे. बायकांची जादू म्हणजे दुबळी आणि वाईट, अशा म्हणी त्या जगात रूढ आहेत. ज्या मावशीने पहिला शब्द शिकवला ती अडाणी, थोडी लबाड म्हणून रंगवली आहे. १९७१ च्या दुसऱ्या पुस्तकात टेनार ही मुलगी नायिका आहे. लहानपणीच तिचे नाव काढून घेऊन तिला थडग्यांची पुजारीण केलेले असते आणि गेड तिला तिचे नाव परत देतो. तरीही रोकचा दरवाजा बंदच. १९७२ च्या तिसऱ्या पुस्तकात मरणावर मात करू पाहणाऱ्या एका मांत्रिकाने उघडलेले दार बंद करताना गेड आपली सगळी जादू खर्च करून टाकतो.

मालिका तेथे संपली असे सर्वांना वाटले. अठरा वर्षांनी, १९९० साली, 'तेहानू' आले. टेनार आता एका शेतकऱ्याची विधवा आहे. तिने एक मुलगी सांभाळली आहे. त्या मुलीच्या घरच्यांनीच तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत टाकले होते. अर्धा चेहरा आणि एक हात जळालेला. तोल सांभाळणाऱ्या विद्वानांपैकी कोणाच्याही मंत्राने या पोरीचे रक्षण झाले नाही. उलट एक मांत्रिक टेनारची बोलतीच मंत्राने बंद करतो, कारण तिने तोंड वर करून बोलणे त्याला सहन होत नाही. जादू गेलेला गेड मात्र शेळ्या राखायला आणि घरकामाला लागतो. जुन्या वाचकांपैकी काहींना हे आवडले नाही. आम्हांला ते फार आवडले.

ले ग्विन यांनी जुनी पुस्तके खोडली नाहीत. त्याच जगात परत जाऊन त्यांनी विचारले की हे नियम कोणी केले? २००१ च्या कथासंग्रहात कळते की रोकची शाळा मुळात पुरुषांबरोबर स्त्रियांनीही उभारली होती, त्यांना नंतर बाहेर काढले गेले. त्याच वर्षीच्या शेवटच्या कादंबरीत, 'द अदर विंड'मध्ये, तर मृतांच्या कोरड्या प्रदेशाभोवतीची भिंतच पुराण्या मांत्रिकांनी अमरत्वाच्या लोभाने घातलेली निघते.

इंग्रजी चांगले येणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींनी पहिली तीन पुस्तके जरूर वाचावीत. 'तेहानू' आईवडिलांनी आधी स्वतः वाचावे, मग द्यावे. शेवटच्या पुस्तकात ती भिंत पाडतात तेव्हा टेनार आणि ती जळालेली मुलगी दूर रोकवर असतात. सर्वांत थोर जादूगार गेड तेथे नसतो. तो गाँटवर घर सांभाळत, टेनारची वाट पाहत असतो.