वॉकरची पिशवी

म्हातारपणी पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि घरात वॉकर येतो. माणूस पुन्हा उभा राहिला म्हणून घरादाराला आनंद होतो. पण काठी घेतली तर एक हात मोकळा राहतो, वॉकरला दोन्ही हात लागतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मग चष्मा कशात न्यायचा? गोळ्यांची पट्टी, मोबाइल, रुमाल? प्रत्येक वस्तूसाठी सुनेला नाहीतर नातवाला हाक मारावी लागते. जिने उभे आयुष्य मोलमजुरी केली आणि कोणापुढे हात पसरला नाही, तिला रुमालासाठी हाक मारताना आम्हांला पाहवत नाही. काहीजणी तर हाक मारणेच सोडून देतात. तहान लागली तरी गप्प बसतात.

वस्तीत घरोघर जाणे होते तेव्हा वॉकरच्या एका मुठीला प्लास्टिकची थैली लोंबताना पुष्कळदा दिसते. ती धोक्याची. बिनचाकी वॉकर प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. एका बाजूला ओझे असले की तो तिकडे झुकतो, थैली पायात येते, आणि ज्या पडण्यामुळे वॉकर आला तेच पडणे पुन्हा वाट्याला येते.

म्हणून भगिनींनो, घरच्या मशीनवर एक पिशवी शिवा. नवे कापड आणू नका. जुनी जीनची पँट सर्वांत उत्तम, नाहीतर जाड चादरीचा तुकडा दुहेरी करून घ्या. वॉकरच्या पुढच्या बाजूला जो आडवा दांडा असतो त्याची लांबी आधी मोजा. पिशवी त्याहून दोन इंच कमीच हवी. साधारण बारा इंच रुंद आणि दहा इंच उंच पिशवी धरली, तर पाठीच्या कापडाला चारही बाजूंनी एकेक इंच दुमडीसाठी जास्त ठेवावा. खिशाचे कापड मात्र अठरा इंच रुंद घ्या व तळाशी चुण्या घाला. सपाट खिशात हात शिरत नाही, आणि थरथरणारा हात तर नाहीच. मध्ये दोन उभ्या टिपा मारल्या की तीन कप्पे होतात. कडेला नि तळाला दुहेरी टीप हवी. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घालावी, साध्या धावदोऱ्याने भागत नाही.

खिशाचे तोंड दांड्यापासून इंचभरच खाली ठेवा. खोल पिशवी शिवली की वस्तू काढायला वाकावे लागते, आणि वॉकरवरून पुढे वाकणे म्हणजे तोल जाणे. खिशाच्या तोंडाला उठून दिसणारा काठ लावा. जुन्या लुगड्याचा लाल काठ मंद नजरेलाही दिसतो. मोबाइलच्या कप्प्यात एक नाडी शिवून ती मोबाइलच्या कव्हरला बांधा, म्हणजे तो हातातून निसटला तरी जमिनीवर जाणार नाही.

वर तीन ठिकाणी नाड्यांच्या जोड्या शिवून पिशवी दांड्याच्या मधोमध, बाहेरच्या अंगाने घट्ट बांधावी. आत लोंबली तर गुडघ्याला लागते. वॉकर मिटवण्याचे बटण कापडाखाली झाकले जाऊ नये. आणि भरताना हात आखडता घ्या. जेवणाचा डबा, भाजी, गरम चहाचा थर्मास यांतले काही त्यात नको. पाण्याची घट्ट झाकणाची लहान बाटली चालेल, तीही मधल्या कप्प्यात.

ज्यांच्याकडे वॉकरच नाही त्यांनी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. २०१७ साली केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली, तिच्यात दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र अशी साधने मोफत देण्याची तरतूद झाली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पासष्ट वर्षांवरील गरजूंच्या बँक खात्यात अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये जमा करण्याची योजना आणली. आम्ही कारकुनी करतो, म्हणून सांगतो, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पिशवी बांधायला बसाल तेव्हा वॉकर उलटा करून चारही पायांची रबरी बुचे तपासा. एक जरी झिजून गुळगुळीत झाले असेल तर आधी ते बदला, पिशवी मागाहून.