जुन्या कॅम्परला ट्रॉली जोडण्यापूर्वी

कार्तिक पौर्णिमेनंतर चातुर्मासाची स्थिरता संपते आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. मुंबईकडून नाशिककडे निघालेल्या संतांना कसारा घाट चढून इगतपुरी आणि घोटी ओलांडल्याखेरीज पुढे जाता येत नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. पण तो पायी चालणाऱ्यांचा रस्ता नव्हे. विहार जुन्या मुंबई-आग्रा महामार्गानेच होतो, आणि त्या मार्गावरील ट्रकांची वर्दळ घोटीकरांना सांगण्याची गरज नाही. अशा वेळी चालणाऱ्यांच्या मागे लाल-पिवळे दिवे लावून हळू चालणारी एखादी भक्कम गाडी असली, तर संघाच्या मनाला आधार वाटतो. छ'री पालित संघ निघाला, तर यात्रेकरू पायी असले तरी तंबू, सतरंज्या, भांडी, पाण्याच्या टाक्या हे सारे चाकांवरूनच न्यावे लागते. गोशाळेचा चारा असतो, पर्युषणात स्थानकाचे सामान असते, आणि उरलेल्या दिवशी कुटुंबाची स्वतःची ये-जा असते.

या सर्व कामांना पुरणारी गाडी म्हणून भाताच्या आणि किराण्याच्या व्यापाऱ्याचे लक्ष साहजिकच दुकानामागे उभ्या असलेल्या जुन्या डबल केबिन पिकअपकडे जाते. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे किंवा टाटाची झेनॉन ही त्या जातीची परिचित नावे. पुढे दोन ओळींत घरची माणसे, मागे हौद, आणि हौदाच्या मागे हवी तर ट्रॉली, अशी ही रचना. नवी गाडी घेण्याऐवजी हीच उघडून पुन्हा उभी करावी, हा विचार काटकसरीचा आहे. परिग्रह न वाढवण्याच्या दृष्टीनेही तो बरा. परंतु काटकसर हिशेबाने सिद्ध व्हावी लागते, केवळ भावनेने नव्हे.

घोटीला एक अनुकूलता मात्र आहे. शेजारी इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे आणि नाशिकला त्याच कंपनीचा वाहनांचा. त्यामुळे कॅम्परचे २५२३ सीसीचे डीआय इंजिन डोळे मिटून उघडणारे कारागीर या पट्ट्यात दुर्मिळ नाहीत, आणि सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही. ज्या गाडीचा वॉटर पंप तालुक्यात मिळत नाही, ती कितीही देखणी असली तरी सेवेच्या कामाची नाही.

पहिली परीक्षा चासीची. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्या पाण्याने आणि चिखलाने पत्रा बाहेरून सडतो हे सर्वांना दिसते. चासीच्या पोकळ पट्ट्या आतून सडतात, हे दिसत नाही. गाडी लिफ्टवर चढवून, जुना रंग खरवडून, पाट्यांच्या शॅकलपाशी, हौदाच्या बोल्टांपाशी आणि मागच्या आडव्या पट्टीपाशी हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पुढे जावे. बद्द आवाज आला किंवा पोपडे सुटले, तर तिथेच थांबावे. ट्रॉलीची सारी ओढ शेवटी याच मागच्या पट्टीवर येते. सडलेल्या चासीवर पट्ट्या जोडून, वर काळा रंग फासून दिलेली गाडी घराच्या अंगणात शोभेल, घाटात शोभणार नाही. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घेणे हाच शहाणपणा. २०२१ च्या वाहन स्क्रॅप धोरणाने ती सोय करून ठेवली आहे.

चासी उत्तीर्ण झाली, तर बहुतेक घरांत पुढचा आग्रह इंजिनाचा आणि रंगाचा असतो. क्रम उलटा हवा. आधी ब्रेक, मग कूलिंग, मग क्लच, त्यानंतर इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. ब्रेकमध्ये लायनर बदलले म्हणजे काम संपले असे नाही. ड्रम लेथवर तपासून घ्यावेत, मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर नवे घालावेत, रबरी होज बदलावेत, लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. घोटीच्या दमट हवेत चार-पाच वर्षे पडून राहिलेल्या तेलात पाणी मुरलेले असणारच. सपाट रस्त्यावर त्याचा पत्ता लागत नाही. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते.

घाटाचा हिशेब एकदा समजून घेण्यासारखा आहे. कोणतीही गाडी केवळ ब्रेकच्या बळावर १०० मीटर उंची खाली उतरली, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता ही तीच गाडी ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवण्याइतकी असते. दोन टनांच्या भरलेल्या पिकअपमागे ब्रेक नसलेली एक टनाची ट्रॉली लावली, तर तीन टनांची उष्णता दोन टनांसाठी घडवलेल्या ड्रमना सोसावी लागते. म्हणून उतारावर गिअर आधीच खाली टाकायचा, इंजिनाने गाडी रोखायची आणि ब्रेक थांबून-थांबून लावायचा. ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही तितकीच खरी आहे. याच घाटात रेल्वेची चढण ३७ फुटांना १ फूट अशी आहे. १८६५ मध्ये हा मार्ग खुला झाला आणि आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेने आपल्या इंजिनाच्या मर्यादा कबूल केल्या आहेत. साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या जुन्या कॅम्परच्या मालकाने त्या कबूल करण्यास संकोच करू नये.

चढणीवर कसोटी लागते ती रेडिएटरची आणि क्लचची. रेडिएटर केवळ धुवून भागत नाही, आतील नळ्या चोंदल्या असतील तर कोअर बदलावा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी रीत काही गॅरेजांत आहे, ती चुकीची आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकाच वेळी घालावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून, नोजल व डिझेल पंप तपासून मगच बोअर-पिस्टनचा निर्णय घ्यावा. पुष्कळदा धूर नोजलचा असतो आणि बिल पूर्ण इंजिनाचे होते.

ट्रॉलीविषयी आपल्याकडे ज्ञान ट्रॅक्टरचे आहे, आणि ते इथे अपुरे पडते. ट्रॅक्टर हळू चालतो. पिकअप ताशी ५०-६० ने चालते. एका आसाच्या ट्रॉलीत वजन मागे गेले, की ती मागच्या मागे डोलू लागते आणि पुढच्या गाडीचे शेपूट हलवते. वजन आसाच्या किंचित पुढे ठेवावे. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, हा जगभर मानला गेलेला ठोकताळा आहे. पाण्याची टाकी अर्धी भरून नेऊ नये, कारण हिंदकळणारे पाणी हा मोकाट भार असतो. हुक वेल्डिंगने बंपरला चिकटवलेला नसावा, चासीला बोल्टांनी जखडलेला असावा. पिन निसटली तरी ट्रॉली धरून राहावी म्हणून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. मागचे दिवे, इंडिकेटर आणि रेडियम पट्ट्या ट्रॉलीवर नसतील, तर पहाटेच्या धुक्यात ती रस्त्यावर ठेवलेला धोंडाच समजावी.

यानंतर कागदांचा विषय येतो, आणि व्यापारी कुटुंबाचे खरे नुकसान बहुधा इथेच होते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी हवी आणि त्याचा विमाही हवा. गावातील वेल्डरने सुबक ट्रॉली बनवून दिली, एवढ्याने ती रस्त्यावर आणण्याचा अधिकार मिळत नाही. त्याच कायद्याचे कलम ५२ वाहनात मनाप्रमाणे बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाला सोडून केलेले फेरफार चालणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे. हौदात बाके बसवणे, केबिन लांबवणे, दुसऱ्या जातीचे इंजिन टाकणे हे बेत म्हणून मोडीत काढावेत. हुक बसवण्यापूर्वीही नाशिकच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. पुढे लोखंडी बुलबार लावण्यावर २०१७ पासून बंदी आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आरसी पुस्तकात वाहन मालवाहू म्हणून लिहिले आहे की खाजगी, हे आधी वाचावे. मालवाहू असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. खाजगी असेल तर पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, तेही पाच-पाच वर्षांसाठी. परवान्याची चिंता मात्र हलकी झाली आहे: ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनालाही हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा ठरवला.

सर्वांत गंभीर बाब हौदात बसणाऱ्या माणसांची. स्वयंसेवकांची मुले उत्साहाने मागे चढतात, वडीलधारे 'दोनच किलोमीटर तर जायचे आहे' म्हणून डोळेझाक करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बांधील नाही, असा निर्णय दिला. म्हणजे अपघात झाला, तर ती रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून, प्रसंगी दुकान विकून द्यावी लागेल. आणि गेलेले मूल तर कोणत्याच रकमेने परत येत नाही. केबिनमध्ये आरसीवर लिहिली आहेत तेवढीच माणसे बसतील, हौदात आणि ट्रॉलीत एकही नाही, हा नियम संघपतींनी स्वतः उभे राहून पाळून घ्यावा.

गाडी तयार झाली की शेजारी मागायला येतात आणि 'रिकामी उभी आहे तर भाड्याने द्यावी' हा विचार घरातही डोकावतो. श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म यांची गणना आहे. गाड्या घडवणे-विकणे आणि भाड्याने चालवणे या दोन्ही व्यवसायांपासून श्रावकाने दूर राहावे, असे आगमात सांगितले आहे. आजच्या वाहतूक व्यवसायाला हे कसे लागू करावे, हा विद्वानांचा विषय. पण व्यवहारातही भाड्याने दिलेल्या गाडीचा विमा, परवाना आणि कर हे तिन्ही बदलतात, त्यामुळे सेवेची गाडी सेवेपुरती ठेवणे दोन्ही अंगांनी सोपे. तसाच पहिल्या अणुव्रताचा एक अतिचार म्हणजे अतिभार. तो मुक्या जनावरांसाठी सांगितला आहे. गाडीला वेदना होत नाहीत. मात्र जादा भाराने फुटलेल्या टायरखाली येणाऱ्या जिवांना होतात.

हिशेबाच्या वहीबद्दल थोडेसे. गाडी पेढीच्या नावावर असेल आणि धंद्यासाठीच वापरली जात असेल, तर चालू दुरुस्तीचा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होतो; पण गाडीचे रूपच पालटणारे मोठे काम भांडवली धरले जाऊ शकते आणि मग त्यावर वर्षाला १५ टक्के घसारा एवढेच हाती येते. मालवाहू वाहनाच्या दुरुस्तीवरील जीएसटीचे क्रेडिट मिळते. कुटुंबाच्या आणि सेवेच्या वापराचा हिस्सा त्यातून प्रामाणिकपणे वगळावा लागतो. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यावर किमान चौथा हिस्सा राखीव धरावा, कारण उघडल्याशिवाय न दिसणारे दोष प्रत्येक जुन्या गाडीत असतात. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहून गेला असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र घेऊन तो आधी उतरवावा. कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी बोजा तसाच असलेली पुस्तके पुष्कळ घरांत सापडतात. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आवश्यक आहे.

हे काम चातुर्मासातच काढणे सोयीचे. विहार थांबलेला असतो, भाताचा हंगाम सुरू व्हायचा असतो, आणि गॅरेजवाल्यालाही पावसात फुरसत असते. दिवाळीनंतर गाडी हाती आली, की पहिले आठ दिवस रिकाम्या ट्रॉलीसह मोकळ्या मैदानात मागे घेण्याचा सराव करावा; ट्रॉली डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते, आणि हे हाताला बसायला वेळ लागतो. त्यानंतर सिन्नर रस्त्याने अर्ध्या भाराने एक फेरी, आणि परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.