दोन सीट, सात सीट

गाडी सर्व्हिसिंगला घेऊन पिरंगुटला गेलो होतो. गॅरेजच्या कोपऱ्यात एक लाल, बुटकी, बिनछताची गाडी उभी होती. माझा अकरावीतला मुलगा ओरडलाच, "अम्मी, सॅन स्टॉर्म!"

ही गाडी १९९८च्या सुमारास गोव्यात बनू लागली. फायबरची बॉडी, रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन, वर कापडी छत आणि सीट फक्त दोन. अशा गाडीला रोडस्टर म्हणतात. थोड्याच बनल्या, म्हणून शौकीन लोक आजही जपतात.

आमची सात सीटांची अर्टिगा. पौडला घरी पोचेपर्यंत मुलाने दोन्ही गाड्यांची तुलना चालवली होती. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रोडस्टर हलकी आणि जमिनीलगत, त्यामुळे घाटातल्या वळणावर कमी झुकते. आमची उंच. सात माणसे आणि टपावर सामान असले की वळण सावकाश घ्यावे लागते, ब्रेकही आधीपासून दाबावा लागतो.

मी म्हटले, "ताम्हिणीचा जुलैतला पाऊस कापडी छतावर घेऊन बघ. शिवाय २०१९पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टचा बझर सक्तीचा झाला. तिच्यात ते कुठले? आणि दोन सीटांत दादीला कुठे बसवशील?"

मला वाटले, मी जिंकले. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आपल्याकडे सात सीट आहेत, पण शेवटच्या सीटवर नेहमी मी आणि चाचीच असतो."

मी गप्प झाले. श्रीवर्धनच्या लग्नाला जाताना पुढे हे आणि माझे दीर, मध्ये अम्मीजान, मी आणि 'पाय लांब' म्हणून मुलगा. मागे माझी जाऊ, गुडघे पोटाशी, पायाशी डबे-पिशव्या. तिथली काच उघडत नाही आणि मागच्या चाकांचे धक्के तिथेच जास्त बसतात. घाटात तिला उलटी झाली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, "हिला गाडी लागते."

रोडस्टर निदान स्पष्ट सांगते की जागा दोघांनाच आहे. कोण घरी राहिले ते दिसते. सात सीटांत सगळे मावले याचेच समाधान. कोण कसे मावले, हे कोणी विचारत नाही.

परवा माणगावला निघालो. पिशव्या टपावर बांधल्या, जाऊला पुढे बसवले. जाताना मागे मी आणि मुलगा, येताना दीर आणि मुलगी. मुळशी धरण मागे पडेपर्यंतच माझी मान अवघडली. जाऊ मात्र माणगावपर्यंत गप्पा मारत होती. तिला गाडी लागली नाही.

तुमच्या गाडीत शेवटच्या सीटवर कोण बसते? पुढच्या प्रवासात एकदा तिथे स्वतः बसून बघा.